धरणाकाठचा समुद्र आणि आमचे इवाई

बुलढाणा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. एवढी एक भौगोलिक अडचण सोडली, तर माझी योजना उत्तम होती.

देऊळगाव राजात माझं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी बायकोला, म्हणजे सुनंदाला, घेऊन मी कोकणात गेलो होतो. लोक तिकडं जाऊन मासे खातात, नारळपाणी पितात आणि परत येतात. मी एक जुना कॅमेरा घेऊन गेलो आणि कायमचा बिघडून आलो. मला समुद्राचे कृष्णधवल फोटो काढायचा नाद लागला. काळे खडक, पांढरा फेस, राखाडी आभाळ. त्यातले चारदोन मोठे करून, फ्रेममध्ये घालून मी दुकानात कीटकनाशकांच्या कपाटावर टांगले. एका गिऱ्हाइकानं ते निरखून पाहिले आणि हे कोणाचं वावर बुडालं म्हणून हळहळला. आईनं घरातली फ्रेम पाहून आधी डोक्यावर पदर घेतला आणि मग कोण गेलं ते विचारलं. सुनंदाचं म्हणणं एवढंच होतं, की इतक्या लांब गेलोच होतो तर रंग तरी घेऊन यायचे.

अशा माणसाला पुतण्याच्या लग्नातलं काम कोणी सांगू नये. कोणी सांगितलंही नव्हतं. ते मी स्वतःहून अंगावर घेतलं.

पुतण्या म्हणजे प्रतीक, माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. त्याचं लग्न जमलं होतं पिंपळगाव राजाच्या दौलतरावांच्या मुलीशी, शिवानीशी. दौलतराव मोठे बागायतदार. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, भरघोस मिशा, आणि बोलणं इतकं कमी, की समोरचा माणूस घाबरून न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं देऊन टाकतो. (आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. मुलाचा चुलता म्हणून मीही त्यांचा इवाईच.) सोयरिकीच्या बैठकीत त्यांनी नुसतं 'हं' म्हटलं, तर मी प्रतीकची एवढी तारीफ केली, की तो तुडुंब भरलेल्या विहिरीत सूर मारतो हेही सांगून बसलो. प्रत्यक्षात प्रतीक लहानपणापासून पाण्याला भितो. विहिरीच्या पहिल्या पायरीवर बसून तो तांब्यानं अंघोळ करायचा.

साखरपुडा पार पडला आणि प्रतीकनं प्री-वेडिंगचं काढलं. त्याला लग्नाआधीचे फोटो समुद्रावर काढायचे होते, आणि समुद्र गोव्याचाच पाहिजे होता. दौलतरावांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि लग्नाआधी पोरगी गोव्याले जात नसते, एवढंच बोलले. बैठकीत कोणी कपबशीही वाजवेना. प्रतीकचं तोंड उतरलं. माझ्या भावाच्या, म्हणजे दादाच्या कपाळावर घाम आला. याहून लहान कारणांवरून मोडलेल्या सोयरिकी आम्ही पाहिल्या होत्या. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, की समुद्र इथंच करता येईल.

ते मी म्हणालो होतो.

मी सगळ्यांना समजावून सांगितलं. पाण्याची जात रंगावरून कळते. धरणाचं पाणी मातकट, समुद्राचं निळं. पण एकदा रंग काढून टाकला, की पाणी म्हणजे पाणी आणि काठ म्हणजे किनारा. आपल्या धरणाचं बॅकवॉटर एवढं पसरलेलं आहे, की पलीकडचा काठ फोटोत यायचासुद्धा नाही. कृष्णधवल फोटो, सोज्वळ कपडे, आणि गोवा घरापासून अर्ध्या तासावर. दौलतरावांनी कातरलेली सुपारी तोंडात टाकली.

"जमन," ते म्हणाले. "पण मी संगं येईन."

तयारीला मी लागलो. समुद्र म्हटला की होडी पाहिजे. खरी होडी मिळेना, म्हणून सुताराकडून प्लायवूडची एक बाजू कापून घेतली. समोरून होडी, मागून पाटी. तिला काळा रंग फासला. शिवानीनं जालन्याहून एक लाल गाऊन भाड्यानं आणला होता. त्याला मागं हुकांनी अडकवलेली अशी लांबलचक शेपटी होती, की शिवानी गाडीतून उतरून चालू लागली तरी शेपटी अजून गाडीतच होती. वाऱ्यावर ती उडवायची असते म्हणे. निघताना सुनंदानं मला बाजूला घेऊन बजावलं, की फोटो कसेही येऊ द्या, पण इवायांच्या तोंडी लागू नका. ते मी पाळलं. मी त्यांच्या तोंडी लागलो नाही.

मे महिन्यातली संध्याकाळ होती. धरणाचं पाणी बरंच मागं हटलेलं, आणि त्यानं सोडलेली जमीन वरून वाळून भाकरीसारखी तडकलेली. दूरवर चिटपाखरू नाही. मी तो काठ पाहिला आणि मला भरूनच आलं. डोळे बारीक केले तर हुबेहूब कोकण. आम्ही गाडी वर कडक जमिनीवर लावली, होडी खाली आणून उभी केली आणि तिच्यामागं जोडी उभी केली. मी कॅमेऱ्याची तिपाई रोवली.

अडचण एकच होती. दौलतराव.

ते कॅमेऱ्याच्या मागं थांबायला तयार नव्हते. तिथून त्यांना प्रतीकचा डावा हात दिसत नव्हता, आणि तो हात कुठं आहे हे पाहण्यासाठीच तर ते खामगाव तालुक्यातून आले होते. ते जोडीच्या बाजूला, हातांची घडी घालून उभे राहिले. माझ्या समुद्रात एका कडेला पांढऱ्या सदऱ्यातले इवाई येत होते. मी अदबीनं त्यांना थोडं पलीकडं सरकायला सांगितलं. ते सरकले. तरी सदऱ्याची बाही येत होती. आणखी थोडं सांगितलं. मग मिशी येत होती. असं करत करत मी त्यांना पार पाण्याच्या कडेशी नेऊन उभं केलं. तिथली जमीन ओलसर चमकत होती. फोटोसाठी ती चमक फार सुंदर होती.

आता मला मुख्य फोटो काढायचा होता. त्यात भिंगावर एक काळी काच लावतात आणि कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवतात. मग हलणारं पाणी फोटोत धुक्यासारखं गुळगुळीत होतं. मात्र तोवर माणसांनी दगडासारखं उभं राहावं लागतं, आणि जमीन पोकळ असेल तर पावलांनी तिपाईही हलते. म्हणून मी सगळ्यांना ताकीद दिली, की आता हलायचं नाही, बोलायचं नाही, श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. आणि बटण दाबलं.

थोड्या वेळानं दौलतरावांचा आवाज आला. आवाजात तक्रार नव्हती. आज वारा आहे असं सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

"इवाई, मी खाली जाऊन राह्यलो."

मी कॅमेऱ्यावरची नजर न काढता म्हणालो, "दोनच मिनिटं, इवाई. हलू नका."

ते हलले नाहीत. हे मला आजही त्यांच्याबद्दल सांगावंसं वाटतं. दिलेला शब्द पाळणारा माणूस. शटर मिटेपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि शटर मिटल्यावर मी मान वर केली तेव्हा दौलतरावांची उंची बदललेली होती.

ते गुडघ्यांच्या वरपर्यंत चिखलात होते. वरचा पापुद्रा फुटला होता आणि खाली कित्येक वर्षांचा गाळ होता, काळा, मऊ, ओढून घेणारा. शिवानी ओरडत निघाली, तिला मी थांबवलं. म्हटलं, बाईमाणसानं यात पडू नये, मी आहे. आणि धावत गेलो. मला अजून कळत नाही, की जिथं एक माणूस रुततो तिथं दुसऱ्यानं धावत का जावं. पण त्या वेळी तेच शौर्य वाटलं. मी दौलतरावांच्या काखेत हात घातले, जोर लावला आणि ते बोटभरही वर आले नाहीत. मी मात्र सरळ मांडीपर्यंत खाली गेलो. शिवाय माझ्या भारानं त्यांनाही आणखी दाबलं. आता ते कमरेपर्यंत होते.

"कायले जोर करता?" दौलतराव म्हणाले.

मागं काहीतरी आडवं झाल्याचा आवाज आला. तिपाई आणि कॅमेरा. मी वळून पाहिलं नाही. वळता येत नव्हतं.

प्रतीक मदत बोलवायला वर पळाला. खाली रेंज नव्हती, म्हणून तो गाडीच्या टपावर चढला आणि हात उंच करून फोन लावू लागला. फोन लागला तो त्याच्या आईला, आमच्या वहिनींना. तो एवढंच बोलू शकला, की इवाई धरणात बुडाले, काकाही गेले. तेवढ्यात रेंज गेली. हे आम्हाला नंतर कळलं. घरी मात्र लगेच कळलं.

इकडं सूर्य खाली आला होता. मी जितका पाय उपसायला जाई तितका दुसरा आत जाई, म्हणून आम्ही दोघं न हलता उभे राहिलो. दौलतरावांच्या आणि माझ्या नाकांत हातभर अंतर होतं. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, हे मला तेव्हाच आठवायचं होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि कपाळावर घाम डवरला होता. गाळ गार होता, छातीकडं चढत होता, आणि आपण एका माणसाला फोटोसाठी मारतोय हा विचार पहिल्यांदा माझ्या डोक्यात नीट शिरला. त्यानंतर विनोद वगैरे काही सुचेना. मी मनातल्या मनात आमच्या गावच्या बालाजीला हाक मारली. नवस कसला बोलावा हेही सुचेना, तर नुसतंच 'याला वाचव, याला वाचव' म्हणत राहिलो.

दौलतरावांनी खोल श्वास घेतला.

"इवाई, एक खरं सांगा. पोट्टा कसा आहे?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण ते माझ्याकडंच पाहत होते. म्हणाले, बैठकीत सगळेच चांगलं बोलतात. आता इथं कोण ऐकून राह्यलं?

मला बैठकीत सांगितलेला विहिरीतला सूर आठवला. माणूस खोटं कुठवर बोलणार? कमरेपर्यंत. मी सांगून टाकलं, की प्रतीक पाण्याला भितो. सूर-बिर काही मारत नाही, ते माझं पदरचं. जेवायला बसला की मोबाइल खाली ठेवत नाही. सकाळी लवकर उठत नाही. पण माझी आई आजारी होती तेव्हा तिच्याजवळ रात्र-रात्र बसून होता, पैशाची हाव नाही, आणि कोणाला वाईट बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. दौलतरावांनी 'हं' केलं. यावेळी मी पुढं काही बोललो नाही.

तोवर काठावर शिवानीनं ठरवलं होतं, की आता कोणा मोठ्या माणसाचं ऐकायचं नाही. तिनं मला वरूनच सांगितलं, "काका, तुम्ही आता काहीच करू नका. हात बी हलवू नका." तिनं प्रतीककडून गाडी कडक जमिनीच्या टोकापर्यंत मागं आणवली, गाऊनची शेपटी हुक सोडून काढली, पिळून तिचा दोर केला आणि एक टोक गाडीच्या मागच्या कडीला बांधलं. प्रतीकला म्हणाली, आता गाडी चालवायची नाही, ती नुसती खुंटी. मग तिनं माझी होडी गाळावर आडवी टाकली. प्लायवूड रुतलं नाही. ते फळीसारखं गाळावर पडून राहिलं.

प्रश्न उरला, की त्यावरून पालथं सरपटत कोणी जायचं. होडीचं टोक पार पाण्याला टेकलं होतं. शिवानी गाऊनची बाही वर करू लागली. तेवढ्यात प्रतीक म्हणाला, "मी जातो."

मला त्याचा चेहरा दिसत होता. कागदासारखा झाला होता. तो पोटावर पडला, डोळे मिटले आणि कोपरांवर सरकत निघाला. पाण्याची एक लहानशी लाट आली आणि त्याच्या कानाला लागली, तशी त्याच्या तोंडून आईच्या नावाची हाक निघाली. पण तो थांबला नाही. त्यानं शेपटीचं टोक दौलतरावांच्या काखेतून ओवून घेतलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्या पायाभोवतीचा गाळ उपसायला लागला. शिवानी काठावरून सांगत होती: बाबा, मागं झुका, निजल्यासारखं करा, एकच पाय हलवा. दौलतराव झुकले. बराच वेळ काहीच झालं नाही. अंधारून येऊ लागलं होतं. मग गाळातून 'पच्च' असा आवाज आला आणि त्यांचा एक पाय सुटला. पुढं दुसरा. प्रतीकनं आणि शिवानीनं दोर ओढला, आणि दौलतराव होडीवरून घसरत काठाला लागले.

पायजमा तिथंच राहिला. नाडी तुटली होती आणि गाळानं आपला वाटा ठेवून घेतला होता. पिंपळगाव राजाचे बागायतदार, सदरा आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, अशा पोशाखात जमिनीवर बसून धापा टाकत होते. शिवानीनं त्यांच्या छातीवर हात ठेवला, मग पाणी पाजलं आणि मग ती पहिल्यांदा रडली. तिच्या डोक्यावर हात ठेवून दौलतराव तिला समजावत होते. त्यांच्या ओठांवर रंग आलेला पाहून मला एवढं हायसं वाटलं, की आपण अजून चिखलात आहोत हे मी विसरून गेलो.

प्रतीक दोर घेऊन माझ्याकडं वळला. दौलतरावांनी त्याला थांबवलं.

"यायले राहू द्या जरा," ते माझ्याकडं बोट करून म्हणाले. "दोनच मिनिटं."

ती दोन मिनिटं कोणत्या घड्याळाची होती, मला माहीत नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत दौलतरावांनी गाऊनची शेपटी कमरेला गुंडाळली होती. तिचे चार वेढे होऊनही उरलेलं कापड प्रतीकच्या मांडीवर होतं. दादाच्या गल्लीत शिरलो तर अंगणात माणसं मावत नव्हती. ट्रॅक्टर उभे होते. कोणी पोहणाऱ्यांना गोळा केलं होतं. कोणी दोर आणले होते. आत बायकांचा आवाज चालू होता आणि त्यात मला सुनंदाचाही ओळखू आला. पिंपळगावहून दौलतरावांच्या घरची मंडळी निघाली होती, ती वाटेत होती. अशा त्या गर्दीसमोर गाडीचं दार उघडलं आणि घोळदार लाल वस्त्र सावरत इवाई खाली उतरले. सगळा गोंधळ एका झटक्यात थांबला. दादा पुढं झाला, त्यांचे पाय धरायला वाकला आणि कापडात अडखळला. दौलतरावांनी त्याला वर उठवलं, अंघोळीचं पाणी मागितलं आणि आत गेले. सुनंदानं मला जिवंत पाहून डोळे पुसले, आणि पुसून झाल्यावर माझ्याकडं असं पाहिलं, की मी होतो तसा परत धरणावर जावं असं मला वाटलं.

दौलतराव दादाचा पायजमा घालून जेवले, आपल्या मंडळींसोबत निघून गेले, आणि सोयरिकीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.

नंतरचे दिवस मी कसे काढले, मला माहीत. वहिनी माझ्याशी बोलेनात. दादा दुकानात येऊन बसायचा, समुद्राच्या फ्रेमकडं पाहायचा आणि उठून जायचा. प्रतीक रोज फोन हातात घेऊन हिंडायचा आणि शिवानीही बाबा काही सांगत नाहीत म्हणायची. लग्नाच्या पत्रिका छापायच्या थांबल्या होत्या. दुकानात गिऱ्हाइकानं कपाशीचं बी मागितलं की मी सोयाबीनचं देत होतो.

शेवटी एका सकाळी दौलतरावांचा फोन आला. दादाला नाही, मला. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. दुकानात कोणी नव्हतं, तरी उभा राहिलो. मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, पत्रिका छापा.

"पाण्याले भेत असून आला पोट्टा," ते म्हणाले. "न भेणारे लय पाह्यले मी. भेऊन येणारा जावई कोणाले भेटते?"

मग म्हणाले, "एक अट आहे. लग्नात तुमी कॅमेऱ्याले हात लावायचा नाही. तुमचं काम मी सांगीन."

लग्न झालं, थाटात झालं. फोटोग्राफर जालन्याहून आणला होता आणि मला पाण्याच्या टँकरवर नेमलं होतं. दिवसभर मी मंडपामागं उभा राहून हौदात नळी सोडत होतो. मंगलाष्टकं मला फक्त ऐकू आली. दौलतरावांनी मात्र फोटोग्राफरला मुद्दाम तिकडं पाठवून माझा एक फोटो काढायला लावला. आता तो अल्बममध्ये आहे. टँकर हिरवा आहे, मंडप गुलाबी आहे, माझा फेटा भगवा आहे. सगळा फोटो रंगीत आहे. माझा चेहरा तेवढा कृष्णधवल आला आहे.